भीतीचे माप

संख्याशास्त्राचा अभ्यासक म्हणून कोणी माझी ओळख करून दिली, की समोरच्या माणसाला बहुधा दोन गोष्टी आठवतात : एक जनगणना आणि दुसरी क्रिकेट. तिसरी आठवलीच तर ती निवडणुकीच्या अंदाजांची, आणि तीही ते अंदाज साफ कोसळले म्हणून. आमच्या धंद्याविषयी एक समज मात्र सर्वत्र पक्का असतो. आकडे आधी जमतात आणि मग आम्हांला बोलावणे येते. पंगती उठल्यावर भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारावी तसे. पुष्कळदा घडतेही तसेच. कोणी तरी दोन वर्षे खपून कागद भरून आणतो, माझ्या टेबलावर ठेवतो आणि आशेने म्हणतो, "यातून काही निघतं का बघा."

रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्याच्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना या सवयीवर नेमके बोट ठेवले होते. प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणे म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणे होय. प्रयोग कशाने मेला एवढेच तो फार तर सांगू शकेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपल्याकडे यालाच वरातीमागून घोडे म्हणतात.

म्हणून भूलशास्त्राच्या एक तरुण डॉक्टरीणबाई कोरी वही घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. एकही रुग्ण अजून नोंदवलेला नव्हता. त्यांचा विषय होता भीती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी माणसाच्या पोटात जो गोळा येतो, ती भीती. त्यांचे म्हणणे साधे होते. आदल्या संध्याकाळी कोणी पंधरा मिनिटे रुग्णाच्या खाटेशी बसून उद्या काय काय होणार ते नीट सांगितले, कुठे नेतील, कोण जवळ असेल, भूल कशी चढेल, जाग आल्यावर कुठे आणि किती दुखेल, तर ही भीती कमी होते. अर्ध्या रुग्णांना नेहमीची वागणूक द्यायची, अर्ध्यांना त्यात या पंधरा मिनिटांची भर घालायची, आणि फरक पडतो का ते पाहायचे.

"मला तर खात्रीच आहे, सर," त्या म्हणाल्या.

"खात्री असेल तर प्रयोग कशाला करता? सरळ बोलायला सुरुवात करा की."

त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊनच आल्या. "माझ्या खात्रीवर रुग्णालय एक जादा परिचारिका देणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे खरे होते. पंधरा मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. पण रोज दहा रुग्ण धरले तर ती अडीच तासांची चाकरी होते, आणि ज्या वॉर्डात एका सिस्टरला चाळीस खाटा सांभाळाव्या लागतात तेथे अडीच तास म्हणजे चैन. चैनीला पुरावा लागतो.

हा विचार नवा नाही, हेही त्यांना ठाऊक होते. १९६४ साली बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांच्याशी आधी बोलणे झाले, धीर दिला गेला आणि दुखणे कसे सोसावे ते शिकवले गेले, त्यांना नंतर वेदनेवरचे औषध जवळजवळ निम्मेच लागले. आणि कोणाशी बोलणे झाले आहे हे शल्यविशारदांना ठाऊक नसतानाही त्यांनी या रुग्णांना सरासरीने २.७ दिवस आधी घरी पाठवले. पण ते बोस्टन. आपल्या वॉर्डातला माणूस निराळा, त्याचे नातेवाईक निराळे आणि त्याची भीतीही निराळी असू शकते.

पहिला प्रश्न उभा राहिला तो भीती मोजायची कशी हा. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. धाकधूक कशी मोजावी? मानसशास्त्रज्ञांनी यावर उपाय काढून ठेवला आहे. स्पीलबर्गर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिने चिंतेचे दोन भाग पाडले : काही माणसे स्वभावानेच चिंतातुर असतात, ती एक चिंता, आणि या घटकेला, या प्रसंगी वाटते ती दुसरी. प्रसंगाच्या चिंतेसाठी वीस वाक्ये आहेत. प्रत्येकाला एक ते चार गुण. म्हणजे बेरीज कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ८०. वीसपैकी दहा वाक्ये उलटी, म्हणजे भीतीची नव्हे तर स्वस्थतेची; त्यांचे गुण उलटे करून घ्यायचे.

कागदावर हे फार सुबक दिसते. मी आणि डॉक्टरीणबाई एक संध्याकाळ वॉर्डात नुसतेच बसलो, तेव्हा त्या सुबकपणाला पहिला तडा गेला. मराठीत भीतीला किती नावे आहेत! काळजी, चिंता, धास्ती, धाकधूक, हुरहुर, घोर. यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. उद्या ज्यांचे पित्ताशय काढायचे होते त्या एका आजीबाईंना मी विचारले, "काळजी वाटते का, आजी?" त्या म्हणाल्या, "काळजी घरची. म्हैस व्यायला झालीय." "आणि उद्याची भीती?" "ती डागदराला. कापायचं त्यानं हाय." पण बोलताना त्यांच्या हातातल्या पदराच्या टोकाला पीळ पडत होता, तो काही सुटत नव्हता. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" म्हणत होते. तिसऱ्या खाटेवरच्या बाईंच्या वतीने त्यांचे यजमानच उत्तरे देत होते, आणि त्या उत्तरांवरून यजमानांनाच भूल द्यायला हवी असे दिसत होते.

त्या संध्याकाळी आमच्या योजनेत तीन कलमे आली. मराठीत तपासून घेतलेले भाषांतरच वापरायचे, जागच्या जागी शब्द बदलायचे नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाक्ये वाचून दाखवायची, पण त्या वेळी नातेवाइकांनी बाहेर बसायचे. आणि वाक्ये विचारणाऱ्या माणसाला हा रुग्ण कोणत्या गटातला ते माहीत नसावे. रुग्णापासून ते लपवता येत नाही. आपल्याशी कोणी येऊन बोलले की नाही हे त्याला कळणारच. पण विचारणाऱ्यापासून लपवता येते. मनात उत्तर ठरवून प्रश्न विचारणारा माणूस तेच उत्तर घेऊन परत येतो. वधूपरीक्षेला गेलेल्या मंडळींचा आपल्याला अनुभव आहेच.

मग आला चिठ्ठ्यांचा प्रश्न. कोणाला बोलणे मिळावे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, परिचारिकेने नाही, रुग्णाने तर नाहीच. ते चिठ्ठीने ठरायचे. या गोष्टीला वॉर्डाच्या सिस्टरांनी विरोध केला. त्यांची नोकरीची तीस वर्षे भरत आली होती, आणि त्या माझ्यापेक्षा भीतीविषयी कितीतरी अधिक जाणत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, एखादी पोर रडत बसली असेल आणि तुमची चिठ्ठी म्हणाली की हिच्याशी बोलू नका, तर मी काय तोंड फिरवून जाऊ?"

हा प्रश्न पुस्तकातला नव्हता आणि त्याला पुस्तकी उत्तर देणे बरे दिसले नसते. मी म्हणालो, "सिस्टर, नेहमी जे करता ते थांबवायचं नाही. रडणाऱ्या मुलीपाशी तुम्ही आजही थांबता, तशाच उद्याही थांबा. चिठ्ठी फक्त त्या जादा पंधरा मिनिटांची आहे. ती आज कोणालाच मिळत नाहीत."

"आणि ज्यांना गरज जास्त, त्यांनाच ती द्यायची नाहीत?"

"गरज जास्त त्यांना दिली, तर शेवटी असं दिसेल की ज्यांच्याशी बोललो तेच जास्त घाबरलेले होते. मग साहेबलोक म्हणतील, बोलण्यानं भीती वाढते, बंद करा."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भिशीसारखं. चिठ्ठी निघेल त्याला. आपला-परका नाही."

पुढे चिठ्ठ्यांविषयी शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सिस्टरांची ही भिशीच सांगू लागलो. भिशीचा डबा सर्वांसमक्ष हलवतात तो कोणी कोणाच्या पुढे जाऊ नये म्हणूनच. १९४८ साली इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी हीच सोय केली होती. क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. आणि कोणाला काय, ते बंद पाकिटात. औषधाचाच तुटवडा होता. सर्वांना पुरणारे नव्हते. जे सर्वांना पुरत नाही ते वाटायला चिठ्ठीइतका न्यायी मार्ग दुसरा नाही, आणि त्या न्यायातून ज्ञानही हाती येते, हा दुहेरी लाभ. आपल्याकडे मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात क्षयाच्या रुग्णांची अशीच वाटणी केली गेली : काहींना आरोग्यधामात ठेवून औषध, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि घरचे उपचार आरोग्यधामाच्या तोडीचे ठरले. गरिबांच्या झोपडीत क्षय बरा होऊ शकतो, हे कोणाच्या मताने नव्हे, चिठ्ठीने सिद्ध झाले. सिस्टरांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी कपाटातून जाड, अपारदर्शक पाकिटांचा गठ्ठा आपणहून काढून दिला. "ही उजेडात धरली तरी आतलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. माणसे उजेडात धरून पाहतात, हे त्यांना माहीत होते.

एवढ्यावर माझे खरे काम सुरू झाले. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "फरक किती पडला म्हणजे तुम्ही त्याला फरक म्हणाल?"

त्या गोंधळल्या. "ते तर तुम्ही सांगायचं ना, सर?"

नाही, ते मी सांगायचे नाही. आमचे शास्त्र फार तर एवढे सांगते की, दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने पडण्याजोगा आहे की नाही. एक गुणाचा फरकसुद्धा पुरेशी माणसे घेतली तर 'सिद्ध' करता येतो. पण ८० पैकी एक गुण भीती कमी होण्यासाठी सिस्टरने रोज अडीच तास द्यावेत का? याचे उत्तर ज्याने घाबरलेली माणसे पाहिली आहेत त्यानेच द्यायचे. डॉक्टरीणबाई चार दिवस विचार करत राहिल्या. सिस्टरांशी बोलल्या, जुने अहवाल चाळले, आणि मग म्हणाल्या, "पाच गुण. पाचापेक्षा कमी असेल तर मीच जादा माणूस मागणार नाही." हे वाक्य त्यांनी कोऱ्या वहीसमोर उच्चारले, म्हणून त्याला किंमत. वही भरल्यावर तेच वाक्य उच्चारले असते, तर ते वहीनेच उच्चारले असे म्हणावे लागले असते.

आता हिशेब सरळ होता. रुग्णारुग्णांमधले प्रमाण विचलन १२ गुण धरले. पाच गुणांचा खरा फरक असेल तर शंभरात ८० वेळा तो सापडावा, आणि फरक नसताना 'आहे' असे म्हणण्याची चूक शंभरात पाचांहून अधिक वेळा होऊ नये, ही रूढ पथ्ये धरली. नुसते शस्त्रक्रियेच्या सकाळचे गुण ताडून पाहायचे, तर प्रत्येक गटात ९१ माणसे लागतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपण आदल्या दुपारी, चिठ्ठी काढण्याआधीही, गुण मोजणार आहोत. सकाळच्या गुणांतून दुपारचे वजा केले की झालं."

वजाबाकी ही फार सज्जन दिसणारी क्रिया आहे. पण ती फसवते. दुपारी कोणाचे ७० गुण आले. त्यांत काही भाग त्याच्या खऱ्या भीतीचा. काही भाग त्या दुपारचा, शेजारची खाट कण्हत होती, मुलगा अजून पोचला नव्हता. दुसऱ्या सकाळी मुलगा आलेला असतो, शेजारी झोपलेला असतो. कोणी एक शब्दही न बोलता गुण थोडे खाली येतात. ताप १०४वर असताना जो वैद्य बोलावतात, यश त्याच्याच पदरात पडते, कारण तेथून ताप बहुधा खालीच येणार असतो. गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीत हीच सरासरीकडची ओढ दाखवली. आता योगायोगाने ७०वाले रुग्ण बोलण्याच्या गटात जरा जास्त गेले, तर वजाबाकी त्या गटाला फुकटचे श्रेय देते. उलट नुसती सकाळ पाहिली, तर त्याच गटावर अन्याय होतो. यातला मधला रस्ता म्हणजे सहप्रचरण विश्लेषण. नाव भारदस्त आहे. अर्थ घरगुती आहे. दुपारी ज्यांची भीती सारखी होती, त्यांची सकाळ एकमेकांशी ताडून पाहायची. व्हिकर्स आणि ऑल्टमन यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच सल्ला थोडक्यात आणि स्वच्छ सांगितला आहे.

या शहाणपणाचा रोख मोबदलाही मिळतो. दुपारच्या व सकाळच्या गुणांत ०.६ इतका सहसंबंध असेल, तर वजाबाकीला प्रत्येक गटात ७३ माणसे लागतात आणि सहप्रचरणाला ५८. काही माणसे मध्येच गळतील, म्हणून शेकडा दहा गळती धरून प्रत्येक गटात ६५, एकूण १३० ठरले. ९१ च्या जागी ५८ : म्हणजे प्रत्येक गटातल्या तेहतीस घाबरलेल्या माणसांना वीस-वीस वाक्यांनी छळायचे वाचले. संख्याशास्त्राची भूतदया ही एवढीच असते, पण ती असते.

डॉक्टरीणबाईंच्या मनात आणखी पुष्कळ होते. नाडी मोजायची, रक्तदाब मोजायचा, रात्रीची झोप, झोपेची गोळी, नंतरची वेदना, रुग्णालयातले दिवस. वीस गोष्टींची यादी त्यांनी उत्साहाने केली होती. मी त्यांना सांगितले की, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा वीस गोष्टी तपासल्या आणि एकीतही खरा फरक नसला, तरी निदान एकीत तो 'सापडण्याची' शक्यता शेकडा ६४ असते. आणि जी सापडेल तिच्यावरच लेख लिहिला जातो. बाकीच्या एकोणीस वहीतच राहतात.

आम्हां कोकणातल्या माणसांना हे समजावे लागत नाही. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी, यावरून देवाचा होकार-नकार समजतात. देवावर कोणाचा विश्वास असो वा नसो, त्या रीतीत एक शिस्त आहे : प्रश्न आधी, मोठ्याने आणि चारचौघांसमक्ष विचारावा लागतो. पण मनाजोगता कौल मिळाला नाही की माणूस गुरवाला हळूच म्हणतो, "जमीन घेऊ नको म्हणतोस तर राहू दे, पण भावाच्या नावानं घेतली तर?" पाकळ्या पुन्हा लागतात. अशा पाचव्या-सहाव्या कौलाला देव हो म्हणतोच. घरी येऊन सांगताना मात्र तो एकच कौल सांगितला जातो. आमच्या नियतकालिकांतले कितीतरी निष्कर्ष या सहाव्या कौलाचे असतात.

म्हणून मुख्य प्रश्न एकच ठेवला : शस्त्रक्रियेच्या सकाळी, दालनाकडे नेण्यापूर्वीचे चिंतेचे गुण. बाकीच्या गोष्टींपैकी चार ठेवल्या, त्याही 'दुय्यम' असे नाव लावून. म्हणजे त्या काही बोलल्या तरी ती कुजबुज समजायची, साक्ष नव्हे.

एका जागी मात्र आमचा खरा वाद झाला. डॉक्टरीणबाईंना चाचणी एकाच बाजूची हवी होती : बोलण्याने भीती कमी होते का, एवढेच पाहायचे. त्यात माणसे कमी लागतात. मी विचारले, "आणि वाढली तर?"

"बोलण्यानं कशी वाढेल?"

मी त्यांना त्या आजीबाईंची आठवण दिली. उद्या काय होणार ते सांगू लागताच त्यांनी हात वर करून थांबवले होते. "मला काय बी सांगू नगा. काय करायचं ते करा." जगात ज्यांना सगळे कळले की धीर येतो अशी माणसे आहेत, तशी न कळण्यातच ज्यांचा धीर असतो अशीही आहेत. ॲमस्टरडॅममध्ये १९९६ साली तयार झालेल्या एका छोट्या प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत : चार भीतीचे आणि दोन 'तुम्हांला किती कळायला हवे आहे' याचे. ते दोन प्रश्न आम्ही घेतले, आणि जाणून घ्यायची हौस कमी असलेल्या रुग्णांत परिणाम निराळा होतो का, हे पाहायचे आधीच लिहून ठेवले. चाचणी दोन्ही बाजूंची राहिली. आपल्या हातून बरे होते का, हे विचारताना वाईट तर होत नाही ना, हेही विचारणे डॉक्टरीणबाईंना सोपे गेले नाही. त्यांनी सही केली, पण त्या दिवशी चहा घेतला नाही.

सर्वांत अवघड कलम शेवटी आले. मी विचारले, "सकाळचे गुण ज्यांचे मिळणारच नाहीत, ते कोण असतील?" शस्त्रक्रिया पुढे ढकललेले, ताप आलेले, असे डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि पळालेले."

वर्षाकाठी असे काही जण असतातच, त्यांनी सांगितले. रात्री दोन-तीनच्या सुमारास उठतात, रुग्णालयाचेच कपडे अंगावर, चपला हातात घेऊन जिना उतरतात. सकाळी खाट रिकामी आणि उशीखाली कागदपत्रे तशीच. "त्यांच्याइतकं कोणी घाबरलेलं नसतं, साहेब. पण तुमच्या कागदावर त्यांची जागा कोरीच राहणार."

खरोखरच, रुग्णांच्या चिंतेवरच्या प्रयोगात ज्याची चिंता सर्वांत मोठी तोच तक्त्यातून नाहीसा होणार होता. संगणक अशा कोऱ्या जागा निमूटपणे वगळतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. समजा, आमच्या पंधरा मिनिटांनी एखाद्या पळणाऱ्याला थांबवले. तो थांबला, सकाळी थरथरत वाक्यांना उत्तरे दिली, आणि आपल्या ७५ गुणांनी त्याच गटाची सरासरी वाढवून बसला. दुसऱ्या गटातला त्याचा जोडीदार पळाला आणि त्याच्या गटाची सरासरी सुधारली! म्हणजे जेथे आम्हांला खरे यश आले तेथेच आकडे आम्हांला नापास करणार.

तीन दिवस हे कलम मी लिहिले आणि खोडले. शेवटी असे ठरले : चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्या गटातच माणूस शेवटपर्यंत मोजायचा, मग त्याच्याशी बोलणे होवो वा न होवो, तो थांबो वा जावो. जे गेले त्यांची संख्या गटवार, पहिल्या तक्त्यातच छापायची. आणि मुख्य उत्तर काढून झाल्यावर तेच पुन्हा काढायचे, हे धरून की गेलेल्यांची भीती आमच्या अंदाजापेक्षा पाच गुणांनी जास्त होती. मग दहा, मग पंधरा. कितव्या पायरीवर निष्कर्ष कोलमडतो ते वाचकाला उघड सांगायचे. पळालेल्या माणसाला परत आणता येत नाही. पण तो होता, एवढे मानून हिशेब करता येतो.

त्यानंतर योजनेवर तारीख घातली. आपल्याकडे अशा प्रयोगांची सरकारी नोंदवही २००७ सालापासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद करणाऱ्यांचीच नोंद तेथे होते. घोडे वरातीच्या पुढे चालावे याची सरकारने केलेली ही तजवीज मला फार आवडते. आमची अकरा पानांची योजना आम्ही सादर केली. मुख्य प्रश्न कोणता, फरक किती, माणसे किती, विश्लेषण कोणते, कोऱ्या जागांचे काय. सगळे त्यात आहे. आता आकडे आल्यावर माझ्या हातात ठरवण्याजोगे फारसे काही उरलेले नाही, आणि तसेच असायला हवे.

लोक म्हणतात, तुम्ही माणसाचा आकडा करता. मी नाकारत नाही. २० आणि ८० यांच्या मधे कुठे तरी ती आजीबाई बसणार, आणि तिचा पदर, तिची म्हैस, तिचा वर केलेला हात यांतले काहीच त्या आकड्यात दिसणार नाही. पण ज्या साहेबांच्या सहीने जादा परिचारिका मिळते, त्यांच्यापुढे आजीबाईंचा पदर नेता येत नाही. आकडाच न्यावा लागतो. तो नेताना त्याने खोटे बोलू नये, एवढीच आमची जबाबदारी.

प्रयोग अजून चालू आहे. उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही, आणि मुदतीआधी डोकावून पाहायचे नाही असे नवव्या पानावर आम्हीच लिहून ठेवले आहे. डॉक्टरीणबाई अधूनमधून फोन करतात, पण गुण विचारत नाहीत. परवा म्हणाल्या, "सत्तेचाळीस झाले, सर." मी विचारले, "आणि कोऱ्या जागा?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "एक."